आबा, तिकडे चहा मिळायचा का?



मी बेळगावची. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर आमच्या गावात आहे. घरोघरी फौजी. त्यामुळे फौजींबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे, असं मला वाटायचं.

काही वर्षांपूर्वी मी निवृत्त जवानांच्या आठवणी रेकॉर्ड करायला लागले. पहिलेच आबा १९७१ मध्ये जमालपूरच्या लढाईत होते. ते ठिकाण आज बांगलादेशात आहे. मी २२ प्रश्न लिहून नेले होते. शत्रू किती होते? भीती वाटली का? पदक मिळालं का? आबा नुसतं "हो", "नाही" म्हणत राहिले. २० मिनिटांत सगळं संपलं.

मी आवरायला लागले, तेवढ्यात आजींनी चहा आणला. मी सहज विचारलं, "आबा, तिकडे चहा मिळायचा का?"

आबा थांबले. म्हणाले, "माझ्या जोडीदाराचा पेला माझ्याकडंच राहिला."

पुढचा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. मी विचारला नाही. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग आबा दीड तास बोलले. जोडीदार लढाईतून परत आला नाही. रजेवर आल्यावर आबा पेला घेऊन त्याच्या गावी गेले आणि वेशीवरूनच माघारी फिरले. त्याच्या आईसमोर उभं राहवेना. म्हणाले, "लढाईत पळालो नाही. तिथं पळालो."

आजी दारात उभ्या होत्या. लग्नाला ४५ वर्षं होऊन गेलेली. "मला कधी बोलला नाहीत," एवढंच म्हणाल्या.

"सगळे किती मारले तेच विचारायचे," आबा म्हणाले.

बोलल्यामुळे त्यांचं दुःख संपलं, असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी गेले, तेव्हा तो पेला माळ्यावरून खाली आला होता. आजींनी घासून फळीवर ठेवला होता.

अमेरिकेत २००० साली तिथल्या संसदेने कायदा करून माजी सैनिकांच्या आठवणी जपण्याचं काम त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे दिलं. तिथे सामान्य माणूसही मुलाखत घेऊन पाठवू शकतो. आपण कुणाची वाट बघायची? खिशात फोन आहे. आधी परवानगी घ्या. सुरुवातीला नाव, पलटण, तारीख बोलून घ्या. जेवणाबद्दल विचारा, घरच्या पत्रांबद्दल विचारा. ते गप्प झाले, तर तुम्हीही गप्प बसा. "नको" म्हणाले, तर लगेच थांबा. आणि रेकॉर्डिंगची एक प्रत त्यांच्या घरी द्या.

एक आबा मला म्हणाले होते, "दिवाळीनंतर ये." मी दिवाळीनंतर गेले. भिंतीवर फोटो होता, फोटोला हार होता.

१९७१ मध्ये विशीत असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. तुमच्या घरात, गल्लीत असा कुणी असेल, तर या रविवारी जा. प्रश्न कमी न्या. वेळ जास्त न्या.