न पाहिलेल्यांसाठी लिहिताना

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आम्ही संगणकावरील आरेखनाविषयी बोलणार, हे ऐकून काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. म्हणून प्रारंभ रांगोळीपासून करतो. परप्रांतात राहणारी लेक दिवाळीच्या आदल्या रात्री आईला फोन करते. आई सांगते, "पंधरा ते आठ ठिपके घाल." मधली ओळ पंधरांची, वरखाली एकेक ठिपका कमी करीत आठांपर्यंत यायचे, आणि प्रत्येक ठिपका लगतच्या दोहोंच्या मधोमध टाकायचा, हे आई बोलतच नाही. लेकीने ते लहानपणी पाहिलेले असते. जिने पाहिलेले नाही, ती ठिपके एकाखाली एक मांडते आणि दारात भलतेच काही उमटते.

१९६३ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' सिद्ध केले. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढण्याची ती किमया होती. १९८२ साली 'ऑटोकॅड' आले. या साऱ्यांत आरेखकाचा डोळा पडद्यावर असे. रेषा चुकली तर तो ती पुसून टाकी. सांप्रत कृत्रिम बुद्धिमत्तेचे 'एजंट' हे काम करू लागले आहेत. "चार भोकांची पट्टी काढ" असे साध्या भाषेत सांगितले की एजंट आरेखनाचे साधन स्वतःच चालवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने अशा देवघेवीसाठी 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा खुला संकेत प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला पुरवावयाच्या मापांची यादी असते. एजंटाची त्या साधनाशी ओळख होते ती मुख्यत्वे या मजकुरावरून. मजकूर अपुरा असला तर तो बहुधा थांबून विचारीत नाही. संभाव्य वाटेल ते धरून पुढे जातो.

मग लिहिताना राहून जाते ते काय? 'ओपनएससीकॅड' या मोफत आज्ञावलीचे उदाहरण घेऊ. तीत ठोकळा काढावयास सांगितला तर त्याचा कोपरा आरंभबिंदूवर बसतो. गोल काढावयास सांगितला तर त्याचे केंद्र तेथे बसते. वर्तुळाला नुसता दहा हा आकडा दिला तर ती त्रिज्या समजली जाते, व्यास नव्हे. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, तेथील वर्तुळ म्हणजे वस्तुतः बहुकोन. वेगळे न सांगता एक एकक त्रिज्येचे वर्तुळ मागितले, तर पदरात पंचकोन पडतो! बहुकोनाचे कोपरे वर्तुळावर आणि बाजू आत. त्यामुळे भोक मागितल्यापेक्षा लहान होते आणि बोल्ट आत जात नाही. कोनांचेही तसेच. ऑटोकॅड मुळात पूर्वेपासून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने कोन मोजते. भूमापक उत्तरेपासून काट्यांच्या दिशेने मोजतो. 'तीस अंश' एवढेच लिहिले, तर दोघेही आपापल्या परीने बरोबर आणि भिंत मात्र चुकीच्या जागी.

परिमाणांचा धडा फार महाग पडलेला आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे अमेरिकेचे यान मंगळापाशी नष्ट झाले. एका गटाच्या आज्ञावलीने रेट्याचे आकडे पौंडांच्या परिमाणात दिले. दुसऱ्याने ते न्यूटनच्या परिमाणात आहेत असे धरले. परिमाण कोणते असावे हे कागदोपत्री ठरलेले होते, पण ते आकड्यासोबत गेले नाही. म्हणून साधनाच्या मापाला नुसते 'त्रिज्या' न म्हणता 'त्रिज्या मिलिमीटरमध्ये' असेच नाव द्यावे.

आमची हयात सरकारी मसुदे लिहिण्यात गेली. 'योग्य ती कार्यवाही करावी' हे आमचे लाडके वाक्य! योग्य काय, हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे असे आपण गृहीत धरतो. साधनाच्या माहितीपत्रकात हे चालत नाही. तेथे पाच गोष्टी हव्यात: परिमाण, आरंभबिंदू, कोनाची दिशा, माप न दिल्यास काय धरले जाईल, आणि साधनाला काय जमत नाही. जोडीला एखादे पुरते सोडवलेले उदाहरण असावे. चूक झाल्यास साधनाने नुसते 'अमान्य' म्हणू नये. 'त्रिज्या शून्याहून मोठी हवी, उणे पाच मिळाली' असे सांगावे. आकृती झाल्यावर तिची लांबी-रुंदी मोजून परत कळवावी, म्हणजे मागितले काय आणि झाले काय हे ताडून पाहता येईल. मात्र पाल्हाळ नको. तो मजकूर एजंटाला कामागणिक वाचावा लागतो आणि लांबणीत मुद्दा हरवतो. एवढे करूनही नकाशावर सही माणसाचीच असते, आणि पूल खचला तर जाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणून शेवटची तपासणी त्यानेच करावी.

असे माहितीपत्रक लिहिणे सर्वांत अवघड जाते ते जाणत्याला, कारण त्याला सारे उघड वाटते. अशा वेळी ज्याने ते काम कधी केलेले नाही, त्याच्या हाती कागद द्यावा आणि तो कोठे अडतो ते पाहावे. अडेल तेथे एक ओळ वाढवावी.

आपल्या मंडळातही गेली पन्नास वर्षे गणपतीची आरास, मखराची मापे, दोनशे पानांच्या पंगतीचा शिधा, हे सारे चारदोन ज्येष्ठांच्या तोंडी आहे. येथेच जन्मलेल्या आपल्या मुलांनी गावाकडचे काहीच पाहिलेले नाही. तेव्हा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक वही घालावी आणि 'पंधरा ते आठ' म्हणजे काय, येथपासून तीत लिहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.