गाडीच्या चाकात हवा किती?

आम्ही माण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. आज पापड-लोणच्याचं बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज बोलायचंय गाडीच्या चाकातल्या हवेबद्दल. हसू नका. या हवेनं आम्हाला एकदा भर घाटात रडवलंय.

आमच्या गटानं एक जुनी व्हॅन घेतली. गटातलीच एक सून लायसन काढून ती चालवते. मटकी, हुलगे, बाजरी असा माल घेऊन आम्ही फलटणला जातो. असंच एकदा मे महिन्यात निघालो. पुढे-मागे मिळून पाच जणी आणि मागं पोती. मोगराळे घाट उतरताना मागचं चाक फाटकन फुटलं. गाडी भेलकांडली आणि डोंगराच्या कडेला जाऊन टेकली. एकीचा खांदा निखळला, बाकीच्या वाचलो. गाडी दरीच्या बाजूला गेली असती तर आज बोलायला आम्ही नसतो. स्टेपनी काढली, तर तीही बसलेली!

टायरवाल्या दादांनी फुटलेला टायर उलटा करून दाखवला. आतून कडा घासून काळी भुकटी झाली होती. ते म्हणाले, "ताई, हवा कमी होती. किती भरता तुम्ही?" आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. पंपावरचा पोरगा भरेल तेवढी, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवसापासून जे शिकलो, ते सांगतो.

हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टायर दबतो आणि सुटतो. तार हातानं वाकवून वाकवून तोडताना ती कशी गरम होते, तसाच टायर आतून तापतो. त्यात मालाचं ओझं, वेग आणि उन्हानं तापलेला रस्ता. मग तो फुटतो. शिवाय टायरच्या दोन्ही कडा लवकर झिजतात आणि गाडी तेलही जास्त पिते. म्हणून कोणी सांगतं, भरपूर हवा भरा. तेही चुकीचंच. हवा जास्त झाली की टायर मधोमध फुगतो, मधलाच भाग झिजतो, रस्त्यावरची पकड कमी होते आणि गाडी खड्ड्यात उडते.

मग नेमकी किती? चालकाचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर किंवा दाराच्या आतल्या कडेला एक पट्टी चिकटवलेली असते. पट्टी निघून गेली असेल तर गाडीच्या पुस्तकात बघा. तिथं पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात. बऱ्याच गाड्यांना दोन माणसांसाठी एक आकडा आणि गाडी भरलेली असताना दुसरा असतो. आमच्या गाडीला पुढं ३० आणि माल भरल्यावर मागं ३६ लागतात. हे माप पीएसआयमध्ये असतं. आम्ही चारही चाकांत २८ वर बाजार करत होतो! पण आमचा आकडा तुम्ही घेऊ नका, तुमच्या गाडीचा बघा.

टायरच्या अंगावरही एक आकडा कोरलेला असतो, ४४ किंवा ५१ असा काहीतरी. तो भरायचा आकडा नव्हे. तो टायर सोसेल अशी शेवटची हद्द आहे. आणि हवा वाढवली म्हणून गाडीत जास्त पोती टाकता येत नाहीत. ओझ्याची मर्यादा गाडीची असते, हवेची नसते.

हवा मोजायची ती चाक थंड असताना. सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी, नाहीतर गाडी तीन तास उभी राहिल्यावर. गाडी पळाली की आतली हवा तापून आकडा ४-५ नं वाढतो. समजा, पळून आल्यावर ३४ दिसले आणि जास्त झाली म्हणून आपण ४ सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकात २६ च उरणार. म्हणून तापलेल्या चाकातली हवा कधी सोडू नका.

आमच्याकडं पंप लांब आहे, तिथं पोहोचेपर्यंत चाक तापतंच. त्यावर उपाय सोपा आहे. सकाळी घरी मोजा. ३० हवेत आणि २६ भरले, म्हणजे ४ कमी. पंपावर तेच चाक २९ दाखवत असेल तर ३३ पर्यंत भरा. घरी जेवढी तूट आली तेवढीच भर घालायची.

नुसतं बघून हवा कळत नाही. हल्लीचे टायर हवा बरोबर असली तरी खालून थोडे बसकेच दिसतात. हवा मोजायचा छोटा गेज दोन-चारशे रुपयांत मिळतो. आम्ही तो गटाच्या पैशांतून घेतला. पंक्चर नसलं तरी महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय हवा कमी होतेच. थंडी पडली की आकडा आणखी उतरतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी आणि लांब जायच्या आधी आम्ही चारही चाकं आणि पाचवी स्टेपनी मोजतो. कोणी मोजायचं त्याची पाळी लावलीय. आकडा हप्त्याच्या वहीतच शेवटच्या पानावर लिहितो. एकच चाक वरचेवर कमी दाखवू लागलं की समजायचं, खिळा रुतलाय किंवा व्हॉल्व्ह गळतोय.

आता पंपावरचा पोरगा "किती टाकू, ताई?" म्हणाला की आम्ही म्हणतो, "पुढं ३०, मागं ३६." पहिल्यांदा तो आमच्या तोंडाकडं बघत राहिला. आता न विचारता भरतो. पंपावर हवा फुकट मिळते, तेव्हा मागायला लाजू नका.

तुमच्या घरी गाडी नसेल, पण वडापच्या जीपमध्ये तर बसता ना? रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला शेजारची गाडी मागता ना? मग गाडीवाल्या दादाला एवढं विचारा, "हवा कधी बघितली होती?" विचारायला पैसे पडत नाहीत.

उद्या सकाळी दार उघडून ती पट्टी वाचा आणि आकडा वहीत लिहून ठेवा.