पिशव्यांची चटई
(स्वयंसेवकांच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



जुन्या प्लॅस्टिक पिशव्यांची पहिली चटई घेऊन आपण कार्यालयात आलात, तेव्हा आम्ही प्रथम हिशेब मांडला. शिक्षण वाणिज्य शाखेचे. सवय जात नाही. सहा फूट लांबीच्या एका चटईस ५०० ते ७०० पिशव्या लागतात आणि कित्येक आठवड्यांच्या दुपारी खर्ची पडतात. इतका खटाटोप करण्यापेक्षा बाजारातून चटया का आणू नयेत, असे आम्ही विचारले. उत्तर न देता आपल्यातील एका ज्येष्ठ भगिनीने ती चटई फरशीवर अंथरली आणि "बसून पाहा" एवढेच म्हटले. आम्ही बसलो. दिवस पौषातले होते, तरी फरशीचा गारवा अंगाला लागला नाही.

पिशवीचे बंद व तळची शिवण कापून उरलेल्या भागाचे आडवे पट्टे करावयाचे, की प्रत्येक पट्ट्याचे एक कडे होते. कड्यात कडे अडकवून ओढले की लांब दोरा तयार. मग जाड सुईने साखळी घालून मुके खांब विणीत जावयाचे. अमेरिकेत चर्चच्या मंडळांतून बेघरांसाठी अशा चटया विणल्या जातात. ही चटई पाणी शोषीत नाही, धुतली की लवकर वाळते, गुंडाळून खांद्याला अडकविता येते. उन्हाळ्यात मात्र तिच्यावर घाम येतो, आणि विस्तवाजवळ ती ठेवू नये. हे देतानाच सांगावे लागते.

आपल्याकडील बेघर कोण, हे आम्हांस फार उशिरा उमगले. २००६ पासूनच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. रुग्णाला खाट मिळते. गावाहून सोबत आलेला नातलग मात्र पदपथावर झोपतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा प्रत्येक रुग्णालयाजवळ कोठून असणार?

पहिल्या चटया आम्ही अशाच नातलगांना दिल्या. एका बाईंनी चटई घेतली, कपाळाला लावली आणि विचारले, "साहेब, रात्री शिपाई उठवतो, तवा ही घेऊन कुठं जाऊ?"

रात्री नऊनंतर व्हरांडा मोकळा करण्याचा आदेश आम्ही काढून पाहिला. त्यावर सही आमचीच होती. कारण म्हणून 'स्वच्छता' असे लिहिले होते. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, हे येथे कबूल करतो. आता बाह्यरुग्ण विभागाचा अर्धा व्हरांडा रात्री नऊ ते पहाटे साडेपाचपर्यंत नातलगांसाठी खुला असतो. सफाई कामगारांनी प्रथम कुरकुर केली. ती रास्तही होती, कारण काम त्यांचेच वाढले. स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहाचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. माननीय विश्वस्त समोरच बसले आहेत, म्हणून त्याचा पुन्हा उल्लेख करतो.

आता एक व्यवहाराची गोष्ट. राज्यात २०१८ मध्ये अशा पिशव्यांवर बंदी आली, तरी प्रत्येक स्वयंपाकघरात पिशव्यांनी भरलेली एक पिशवी अद्याप आहेच. ती घेऊन या. पिशव्या धुतलेल्या व कोरड्या असाव्यात. वॉर्डातील एकही पिशवी, कितीही स्वच्छ दिसली तरी, विणकामासाठी घेऊ नये. मंडळ दर मंगळवारी दुपारी दोन वाजता नोंदणी कक्षामागील खोलीत बसते. जाड सुया तेथेच मिळतील.