जेवणाच्या वेळा आणि हाडांचें बळ

मी वैद्य नाहीं. छत्तीस वर्षें मुलांना अंकगणित शिकवून निवृत्त झालेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शिक्षक आहें. तेव्हां हाडांविषयीं बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न कोणास पडला तर तो रास्तच आहे. माझा अधिकार एवढाच कीं, घरांतला एक साधा हिशेब माझ्याकडून राहून गेला आणि त्याची शिक्षा दुसऱ्यास भोगावी लागली.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत माझी पत्नी परसांतल्या ओल्या फरशीवर घसरली. पडणें तसें किरकोळच होतें. उभ्या उभ्या तोल गेला, तिनें हात टेकला आणि मनगटाचें हाड मोडलें. डॉक्टरांनीं हाड बसविलें व पुढें हाडांची घनता मोजवून घेतली. ती वयाच्या मानानेंही बरीच कमी निघाली. त्यांनीं विचारलें, "काकू, दिवसांतून किती वेळां जेवतां?" ती कांहींशा अभिमानानें म्हणाली, "चातुर्मासांत एकभुक्त, एरवीं दोनदां." डॉक्टर म्हणाले, "बरें. आणि त्या जेवणांत काय काय असतें?" या दुसऱ्या प्रश्नाचें नीट उत्तर आम्हां दोघांपाशीं नव्हतें. आज मला बोलावयाचें आहे तें या दोन प्रश्नांविषयीं.

जेवण किती वेळां घ्यावें हा वाद आपल्याकडे जुना आहे. एकदां जेवतो तो योगी, दोनदां जेवतो तो भोगी आणि तीनदां जेवतो तो रोगी, अशा अर्थाची म्हण लहानपणीं आपण सर्वांनींच ऐकली आहे. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडील जैन बांधवांना एकाशन नवें नाहीं. दिगंबर मुनि तर दिवसांतून एकदांच आहार घेतात. उलटपक्षीं शेतावर राबणाऱ्यास न्याहारीवांचून चालत नाहीं, आणि आमचे तालमींतले पैलवान तर खुराकावरच वाढलेले. अलीकडे नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनीं मांडलेला व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं घरोघर पोहोंचविलेला दोन वेळच्या जेवणाचा मार्ग अनेकांनीं पत्करला आहे. त्याचा रोख वजन व मधुमेह यांवर आहे. हाडांचा प्रश्न निराळा आहे.

हाड म्हणजे भिंतींत बसविलेला दगड नव्हे. तें जिवंत असतें. शरीर जुनें हाड थोडें थोडें मोडीत असतें आणि त्या जागीं नवें भरीत असतें. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारें दहावा हिस्सा दर वर्षीं असा नवा होतो. शरीरांत सुमारें एक किलो कॅल्शियम असतें आणि त्यांतील शंभरापैकीं नव्याण्णव भाग हाडांत व दांतांत सांठविलेले असतात. राहिलेला एक भाग लहान दिसतो खरा. पण हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल त्यावर अवलंबून असते. म्हणून रक्तांतील कॅल्शियम घटूं लागलें कीं गळ्यांतील चार इवल्याशा ग्रंथि जाग्या होतात आणि हाडांच्या पेढींतून रक्कम काढवितात. अन्नांतून भरणा होत राहिला तर हें उसनें फिटतें. भरणा कमी पडत गेला तर पेढी मुकाट्यानें रिकामी होत जाते. हाड दुखत नाहीं, तक्रार करीत नाहीं. तें एके दिवशीं मोडतें.

आतां जेवणाच्या वेळांचा संबंध पाहूं. हाड मोडण्याचें हें काम चोवीस तास सारख्या वेगानें चालत नाहीं. रात्रभराच्या उपासांत तें वाढतें, पहाटेच्या सुमारास अधिकांत अधिक असतें, आणि कांहीं खाल्लें कीं थोडे तास मंदावतें. ही मोड मोजण्यासाठीं रक्त सकाळीं अनशापोटीं घेतात तें याचसाठीं. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनीं १९९९ सालीं उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. अन्न एकदम न देतां दिवसभर विभागून दिलें, तेव्हां वाढत्या उंदरांचीं हाडें अधिक भरलीं आणि म्हाताऱ्या उंदरांची झीज कमी झाली.

हें ऐकून कोणी दर दोन तासांनीं खावयास बसेल, तर त्यानें जरा थांबावें. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांविषयींचा पुरावा अजून तोकडा आहे. जपानांतील नारा येथील संशोधकांनीं नऊ लाखांहून अधिक प्रौढांची माहिती तपासून २०२५ सालीं असें दाखविलें कीं, सकाळची न्याहारी वारंवार टाळणाऱ्यांत आणि निजण्याच्या तोंडावर जेवणाऱ्यांत ठिसूळ हाडें मोडण्याचें प्रमाण अधिक आहे. परंतु अशा लोकांत धूम्रपान अधिक, व्यायाम कमी आणि झोपही अपुरी, असेंही आढळलें. तेव्हां सगळा दोष न्याहारीच्या माथीं मारतां येत नाहीं. उलट, दिवसांतील थोड्या तासांतच जेवण उरकण्याचे जे लहान प्रयोग झाले, त्यांत कांहीं महिन्यांत तरी हाडांस स्पष्ट अपाय दिसला नाहीं. मात्र हाडाचा जमाखर्च महिन्यांनीं नव्हे, वर्षांनीं मांडावा लागतो.

मग गृहस्थानें करावें काय? येथें माझें अंकगणित उपयोगी पडतें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलें आहे. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांना तें १२०० लागतें. दुसरी गोष्ट अशी कीं, आंतडें एका वेळीं हवें तेवढें शोषून घेत नाहीं. सुमारें ५०० मिलिग्रॅमच्या पुढें जितकें अधिक घालावें तितका वांया जाणारा वांटा वाढतो. आतां भागाकार करा. तीन वेळां खाणाऱ्यास प्रत्येक वेळीं साडेतीनशेंच्या आसपास पुरे. दोनदां जेवणाऱ्यास प्रत्येक पान पांचशेंचें असावें लागतें. तें साधतें, पण चुकण्यास जागा उरत नाहीं. आणि एकदांच जेवणाऱ्यास हजारांची बेरीज एका ताटांत बसवावी लागते. ती ताटांतही अवघड आणि आंतड्यांतही.

आमच्या घरीं काय झालें होतें तें मग ध्यानांत आलें. दहा वर्षांपूर्वीं पत्नीनें रात्रीचें जेवण हलकें केलें, पुढें सोडलें. आणि त्या जेवणाबरोबर निजतांना घ्यावयाचा दुधाचा पेलाही गेला. जेवण सोडल्याचें सर्वांच्या लक्षांत होतें, पेला गेल्याचें कोणाच्याच नव्हतें. वाण्याचा आणि गवळ्याचा हिशेब मीं दररोज लिहिला. दूध कमी येऊं लागल्याचेंही त्यांत लिहिलेलें आहे. तें कोणाच्या वांट्याचें कमी झालें, हें मात्र मीं कधीं विचारलें नाहीं. मनगट केवळ त्यामुळेंच मोडलें असें मी म्हणत नाहीं. वय होतें, ओली फरशी होती. पण भरणा बंद होता हें खरें.

उपाय महाग नाहीं. पेलाभर दुधांत सुमारें अडीचशें मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशेंच्या आसपास. आणि नाचणी तर आपल्या गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या डोंगरांत पिकते. तिची भाकरी आणि वाटीभर दहीं असलें कीं एक पान पांचशेंच्या आसपास जातें. तिळाची चटणी, पालेभाजी, कांट्यासकट खातां येणारे बारीक मासे, हें सारें त्याच खात्यांत जमा. एकादशीस साबुदाण्याऐवजीं राजगिरा घ्यावा. उपास मोडत नाहीं आणि हाडांसही कांहीं मिळतें. पानांत डाळ-उसळ असावी, कारण हाडाचा सांचा प्रथिनांचा असतो. अंगावर ऊन घ्यावें आणि चालावें, कारण हाड भारानें टिकतें. तालमींत ही गोष्ट पुस्तकावांचूनच ठाऊक होती. मधुमेहाचीं औषधें घेणाऱ्यांनीं मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांस विचारल्यावांचून बदलूं नयेत.

माझी पत्नी अजूनही दोनदांच जेवते. मीं तिला व्रत सोडावयास सांगितलें नाहीं. सांगून तिनें ऐकलेंही नसतें. सायंकाळचें पान आतां दिवेलागणीस होतें, त्यांत नाचणी असते आणि शेजारीं दुधाचा पेला. हाडांची घनता पुढील वर्षीं पुन्हा मोजावयाची आहे; तोंपर्यंत मी यशाची बढाई मारणार नाहीं.

श्रोते हो, हाड जेवणें मोजीत नाहीं, भरणा मोजतें. आज रात्रीं पानें मांडल्यावर घरांतील वडील माणसांच्या, विशेषतः सर्वांचें झाल्यावर जेवावयास बसणाऱ्या बाईच्या पानाकडे एकदां पाहा. ती किती वेळां जेवते हें तुम्हांला ठाऊक असेल. पानांत काय असतें, तेंही आज विचारून घ्या.