जुन्या मोटारीचे पाणी
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर विद्वानांनी व्याख्याने दिली आहेत. तेथे मोटारीच्या रेडिएटरवर बोलण्यास आम्ही उभे राहिलो, ही धिटाईच म्हणावी लागेल. परंतु कार्यवाहांचा आग्रह असा की, मंडळाचा गणपती ज्या अँबॅसडरमधून इतकी वर्षे बाबूघाटावर गेला, तिची हकीकत सुवर्णमहोत्सवी वर्षात कोणी तरी सांगितली पाहिजे. आणि तिची हकीकत म्हणजे मुख्यत्वे तिच्या पाण्याची हकीकत.

गाडी १९७४ सालची, मार्क टू. मूळ घराणे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचे, परंतु जन्म हुगळीपलीकडे उत्तरपाड्यास. त्या अर्थाने ती आपल्यातल्या पुष्कळांहून अधिक बंगाली आहे. इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाची. तेथील उत्पादन २०१४ साली थांबले, तेव्हा आज जे आहे ते जपणे एवढेच आपल्या हाती उरते.

१९९९ सालची अनंतचतुर्दशी. दमट हवा, वाऱ्याचा पत्ता नाही. मिरवणुकीपुढे गाडी पहिल्या गिअरमध्ये पावलापावलाने चाललेली. घाट हाकेच्या अंतरावर असताना बॉनेटखालून वाफेचा लोट उठला. आम्ही उतरलो, आणि शहाण्या माणसाने करू नये ते केले. रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळत्या पाण्याच्या फवाऱ्याने भाजलेल्या मनगटाचा डाग अद्याप दिसतो. तेवढ्यात एका उत्साही तरुणाने नळाचे गार पाणी बादलीभर आणले, आणि बंद पडलेल्या इंजिनात ते आमच्याच सांगण्यावरून ओतले गेले. आतून बारीकसा 'टक्' असा आवाज आला. तापलेल्या बिडाला तडा गेल्याचा तो आवाज होता, हे दुसऱ्या दिवशी हेड उतरवल्यावर समजले. मूर्ती त्या संध्याकाळी मुलांनी खांद्यावरून घाटावर नेली. गाडी दोराने ओढत घरी आणताना आमच्या सौभाग्यवती एक शब्दही बोलल्या नाहीत, हे विशेष सांगावेसे वाटते.

आता कारण काय? पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने चौथा हिस्साच चाकांच्या कामी येतो. बाकीची काही धुराबरोबर जाते आणि सुमारे तिसरा हिस्सा पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप हे पाणी ब्लॉकमधून वर हेडात नेतो. तेथून ते रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते आणि बारीक नळ्यांतून उतरताना पंख्याच्या वाऱ्याने निवते. हा मार्ग कोठेही अरुंद झाला की उष्णता साचते. आमच्या ब्लॉकच्या मागच्या अंगास, चौथ्या सिलिंडरभोवती, तांब्याभर लाल गाळ निघाला. आम्ही पंचवीस वर्षे नेमाने पाणी भरत होतो, ते ट्यूबवेलचे. काढून मात्र एकदाही टाकले नव्हते. त्या पाण्यातील क्षार नळ्यांत बसले आणि बिडाचा गंज तळाशी. ब्लॉकच्या बाजूस पाणी सोडण्याची एक लहानशी तोटी असते, तिचे अस्तित्वच आम्हाला ठाऊक नव्हते. ती उघडली तरी थेंब गळेना; तार घालून टोचली तेव्हा चिखल आला.

दुसरे हेड मल्लिकबाजारात मिळाले. रेडिएटर मात्र जुनाच ठेवला, आणि येथे जुन्या गाड्यांचा मोठा गुण सांगितला पाहिजे. नळ्या-पत्रे तांब्याचे, टाक्या पितळेच्या आणि सांधे झाळाचे. कारागिराने वरची टाकी झाळ वितळवून उघडली, प्रत्येक नळीतून सळई फिरवली आणि टाकी पुन्हा झाळली. आजच्या प्लॅस्टिकच्या टाकीचे असे सहसा होत नाही. ती फुटली की सबंध रेडिएटरच बदलावा लागतो.

थर्मोस्टॅटविषयी थोडे अधिक बोलतो, कारण या बाबतीत आपल्याकडे एक हट्टी गैरसमज आहे. एका मिस्त्रीने आमचा थर्मोस्टॅट कधीच काढून फेकला होता. 'गरम मुलुखात ह्याचे काय काम?' असे त्याचे म्हणणे. वस्तुतः ही झडप इंजिनाला योग्य उष्णतेपर्यंत लवकर पोहोचवते. ती नसेल तर जानेवारीच्या सकाळी इंजिन बराच वेळ थंडच चालते, तेलात ओल साचते आणि सिलिंडर झिजतात. तेलाच्या झाकणाखाली मग पांढरी साय दिसते, आणि घाबरून आपण हेड गॅस्केट गेले असे समजतो. गॅस्केट गेलेले असतेही कधी; परंतु पाणी कमी होत नसेल तर आधी थर्मोस्टॅट पाहावा. झडप तपासणे स्वयंपाकघरातही होते. ती दोऱ्याने पाण्याच्या पातेल्यात लोंबती धरावी, तळाला टेकू देऊ नये, आणि वर कोरलेल्या अंशांवर उघडते की नाही हे तापमापक ठेवून पाहावे. पातेले मात्र स्वयंपाकाचे नसावे. ही सूचना आमची नव्हे, घरातली.

झाकणाकडेही कोणी पाहत नाही. ते केवळ बूच नव्हे. त्यातील स्प्रिंग दाब धरते. सात पौंडांच्या दाबाने पाणी शंभरऐवजी सुमारे १११ अंशांवर उकळते. रबर कडक झाले की तेवढी सवलत गेली. खालचा होज चिमटून पाहावा. पंप त्यातून पाणी शोषतो, मऊ पडलेला होज आत बसतो आणि वाट बंद करतो. बेल्ट मधोमध दाबल्यास अर्धा इंच हलावा. डायनामोही त्याच बेल्टवर असल्याने चालत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा लागला तर बॅटरीची चिंता नंतर. बेल्ट तुटून पंप थांबलेला असू शकतो, आधी गाडी उभी करावी.

आता आम्ही शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट घालतो. कलकत्त्यात पाणी गोठत नाही हे खरे, परंतु त्यातील गंजरोधक द्रव्य आम्हाला हवे असते. दर दोन वर्षांनी ते सगळे बदलतो. मात्र काढलेले कूलंट अंगणात सांडू नये. ते गोडसर आणि विषारी असते, कुत्री-मांजरे चाटतात.

प्रात्यक्षिकासाठी गाडी बाहेर उभी आहे. ती आताच चालवून आणली असल्यामुळे झाकण पाऊण तासाने उघडू. तोवर मंडळाच्या भगिनींनी चहा आणि बटाटेवडे केले आहेत, असे कळते.