पाठीराखा कसा लाभतो?



मी चिमूरचा राहणारा. धानाच्या एका गिरणीत चौतीस वर्षे हिशेब लिहिण्यात घालविली आणि आता घरी बसून आहे. मागील महिन्यात माझा पुतण्या नागपुराहून आला. मालवाहतुकीच्या एका मोठ्या कंपनीत तो नऊ वर्षे बिले तयार करण्याचे काम करीत आहे. जेवणे आटोपल्यावर तो म्हणाला, "काका, वरच्या जागेसाठी दोनदा नावे मागविली आणि दोन्ही वेळा माझे नाव कोणी घेतले नाही. माझ्या कामात चूक सापडत नाही. वशिला नाही, एवढेच. आता ही नोकरी सोडावी असे वाटते." त्याचे म्हणणे मला त्या वेळी पटले. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर ते तितकेसे पटेना. आणि त्याला जे उत्तर द्यावयाचे राहिले, तेच आज आपल्यापुढे मांडीत आहे.

वशिला आणि पाठीराखा यांत आपण फार गल्लत करतो. वशिला नात्यागोत्याने येतो आणि त्यात शब्द टाकणाऱ्याचे सहसा काही जात नाही. पाठीराखा मात्र, आपण हजर नसलेल्या खोलीत, आपल्यासाठी स्वतःची अब्रू पणाला लावतो. उपदेश करणारे वडीलधारे कचेरीत पुष्कळ असतात. त्यांना उपदेशाची किंमत मोजावी लागत नाही. ज्याला किंमत मोजावी लागणार, तो माणूस आपल्यात काय पाहून ती जोखीम पत्करतो, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या बाजूचेच एक जुने उदाहरण देतो. इंग्रजी अमदानीत चिमूर हे वरोरा तहशिलीत होते, आणि त्या वरोऱ्यास दगडी कोळशाची सरकारी खाण निघाली होती. जमशेटजी टाटांनी आपली कापडगिरणी मुंबईस न घालता नागपुरास घातली, त्याच्या कारणांत वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस जसा होता तसा हा वरोऱ्याचा कोळसाही होता. 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि म्हणूनच तिला 'एम्प्रेस' हे नाव मिळाले. ती गिरणी आता उरली नाही. परंतु नागपूरच्या जुन्या घरांतून तिच्या भोंग्याची आठवण अजून निघते.

या गिरणीची व्यवस्था जमशेटजींनी कोणाकडे सोपविली? बेझनजी दादाभाई मेहता नावाच्या गृहस्थांकडे. हे गृहस्थ जी. आय. पी. रेल्वेच्या माल खात्यातले. सूत कसे कातले जाते याचा त्यांना अनुभव नव्हता. यंत्रांची बाजू पाहावयास ब्रुक्सबी नावाचे इंग्रज तज्ज्ञ होतेच. मग मालधक्क्यावरच्या माणसाला गिरणीचा कारभार का द्यावा? मला असे वाटते की, जमशेटजींना मिळावयाचा नफा चात्यांइतकाच वाघिणींतही होता. कापूस मुंबईस न्यावयाचा आणि तेथून कापड परत येथे विकावयास आणावयाचे, या दुहेरी भाड्यातून सुटण्यासाठी तर गिरणी नागपुरास आली होती. कोणत्या ठाण्यावरून कोणता माल केव्हा निघतो, भाडे काय बसते आणि माल कोठे अडून राहतो, हे ज्याला ठाऊक, त्याला या धंद्याचे मर्म अर्धेअधिक ठाऊक. आरंभीचा काळ कठीण गेला, यंत्रे बदलावी लागली. परंतु जमशेटजींनी बेझनजींवरचा विश्वास काढून घेतला नाही. पुढे त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि लक्ष्मणराव फाटक यांची जोडीही अशीच जमली. फाटक हे पूर्वी रेल्वेतील कारकून. भांडवल व पत वालचंदांची आणि रेल्वेच्या कंत्राटी कामाची माहिती फाटकांची; बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून दोघांनी सुरुवात केली.

आता मोठ्यांच्या गोष्टींवरून माझ्यासारख्या सामान्य नोकराकडे येतो. गिरणीत लागल्यावर पहिली पाच वर्षे मी खतावणीत डाग पडू दिला नाही आणि त्याच भांडवलावर बढतीची वाट पाहत बसलो. बढती दुसऱ्यास मिळाली. रागाच्या भरात म्हणा, मी जेवणाच्या सुटीत काट्यापाशी जाऊन बसू लागलो. तेथे मला प्रथमच समजले की, ज्या धानाची पोती मी रोज वहीत मांडीत होतो, त्याविषयी मला काहीच ठाऊक नव्हते.

एक क्विंटल धान भरडले म्हणजे साधारणपणे 65 ते 67 किलो तांदूळ हाती येतो; बाकीचे तूस आणि कोंडा. यालाच उतारा म्हणतात. कार्तिकात नवे धान येते ते ओले असते. वजनावर खरेदी, म्हणजे मालक पाण्याचेही पैसे देतो; आणि तेच धान भरडताना दाणा तुटून कनकी वाढते, तो तोटा वेगळाच. आमचे काटेवाले दाणा दाताखाली धरून ओल सांगत, परंतु त्यांचे सांगणे वहीपर्यंत येत नसे. मी दोन महिने गावागणिक खरेदी आणि उतारा शेजारी-शेजारी लिहिले. काही गावांच्या मालात क्विंटलमागे तीन-तीन किलोंचा फरक निघाला. ती गावे लबाड नव्हती. तेथले धान सखल बांध्यांतले, आणि सुकवावयास जागा नाही.

हा कागद मी मोठ्या दिमाखाने सर्वांदेखत मुनीमजींच्या पुढे ठेवला आणि काटेवाल्यांची मान खाली गेली. मुनीमजींनी मला बाजूस घेऊन त्याबद्दल चांगले खडसावले. कागद मात्र त्यांनी ठेवून घेतला. पंधरा दिवसांनी विचारले, "मग करावयाचे काय?" मी म्हटले, "गिरणीच्या आवारात खळे फरसबंद करू. दोन उन्हे दिलेल्या मालाला चढा भाव देऊ." त्यानंतर मालकांच्या खोलीत काय झाले ते मला वर्षभराने कळले. मुनीमजी म्हणाले होते, "याला खरेदीवर घ्या. तोटा आला तर माझ्या पगारातून कापा."

तीस वर्षांच्या चाकरीचा भरवसा त्यांनी या एका वाक्यात गहाण ठेवला होता. माझे अक्षर चांगले म्हणून नव्हे. गिरणीचा रुपया कोठून येतो व कोठे गळतो हे मला दिसू लागले होते, आणि माझ्यामुळे त्यांचा शब्द खाली पडणार नाही असा त्यांना अदमास आला होता.

परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या खळ्यावर धान वाळविणाऱ्या बायका होत्या. मूठभर धान हातात घेऊन त्या उतारा सांगत, आणि तो माझ्या कागदाच्या कितीतरी आधी! त्यांच्यापैकी एकीचेही नाव मुनीमजींनी कधी पुढे केले नाही. पुढे मी स्वतः मुनीम झालो. मीही केले नाही. ते मला सुचलेदेखील नाही. धंद्याचे ज्ञान असले म्हणजे पाठीराखा मिळतोच, असे म्हणणाऱ्याने या बायकांचा विचार करावा. ज्ञान कोणाच्या हाती आहे हे पाहण्याचे काम वर बसलेल्यांचेही आहे, आणि त्यात आम्ही पुष्कळ कमी पडलो.

पुतण्याला मी दुसऱ्या दिवशी सकाळी एवढेच विचारले की, "तुमच्या कंपनीच्या गाड्या माल टाकून कोठून रिकाम्या परततात?" त्याला सांगता येईना. नऊ वर्षे प्रत्येक फेरीचे बिल त्याच्याच हातून गेलेले! तो थोडासा चिडला, आणि चहा न घेताच बसस्थानकावर गेला.

परवा त्याचा फोन आला. दोन रविवार तो वाडीच्या गोदामांत चालकांशी बोलत बसला होता. रायपूरच्या फेऱ्यांविषयी त्याने एक पानभर मजकूर लिहून साहेबांना एकांतात दिला. बढतीचे नाव अजून निघालेले नाही. साहेब काही बोललेही नाहीत; मात्र तो कागद त्यांनी परत दिलेला नाही.