हौसेचा रंग आणि धंद्याचा हिशेब



आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांबरोबर लाल पोवळं ओवलेलं असतं. पोवळं म्हणजे खाणीतला दगड नव्हे. समुद्रातल्या इवल्याशा जिवांचा तो सांगाडा. याच जिवांचे दूरचे भाऊबंद, म्हणजे रंगीत प्रवाळ, अमेरिका-युरोपातली हौशी माणसं घरात काचेच्या टाकीत पाळतात. आज या हौसेच्या बाजाराबद्दल बोलू या. जोडधंदा शोधणाऱ्या आपल्या बचत गटांना त्यातून घेण्यासारखं खूप आहे.

प्रवाळ दिसतो झाडासारखा, पण आहे प्राणी. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला देतं. म्हणून टाकीत खारं पाणी, वाहता प्रवाह आणि भरपूर उजेड लागतो. आता त्यासाठी एलईडी दिवे आलेत. त्यांच्या निळ्या उजेडात काही प्रवाळ हिरवे, नारिंगी, गुलाबी असे झगमगतात. त्यामुळे साधे तपकिरी प्रवाळ मागे पडले आणि रंगाला भाव आला. मालिका गाजली की तिच्या नावाची साडी दुकानात येते ना, तशीच या प्रवाळांनाही विक्रेते झोकदार नावं देतात. नवा रंग असला तर नखाएवढ्या तुकड्याला शेकडो डॉलर, म्हणजे आपले हजारो रुपये मोजणारे भेटतात.

पण खरी गंमत पुढेच आहे. जास्वंदीची फांदी लावावी तसा प्रवाळाचा तुकडा कापून वाढवता येतो. एकाचे दोन, दोनाचे दहा होतात. काल ज्यानं विकत घेतला, तोच आज विकायला बसतो. माल वाढला की भाव उतरतो, आणि गिऱ्हाईक पुढच्या नव्या रंगाकडे वळतं. पहिल्यानं कमावलं, शेवटच्याच्या हाती स्वस्त झालेला माल राहिला.

आपल्याकडे इमूपालनाचं काय झालं, आठवतंय ना? पिल्लं विकणाऱ्यांची चलती होती, पण मांस आणि तेल घेणारं गिऱ्हाईक उभंच राहिलं नाही. २०१२ च्या सुमारास धंदा बसला आणि पक्ष्यांना खायला काय घालायचं, हा प्रश्न शेतकऱ्यांपुढे पडला. प्रवाळाला निदान हौशी गिऱ्हाईक तरी आहे. पण हौस ही भुकेसारखी रोजची नसते.

दुसरी गोष्ट सरकारी नियमांची. इंडोनेशियातून असे जिवंत प्रवाळ मोठ्या प्रमाणावर परदेशी जातात. तिथल्या बाली बेटाच्या किनाऱ्याला लोक उथळ समुद्रात मांडव घालून त्यांवर प्रवाळाचे तुकडे वाढवतात. २०१८ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारनं निर्यात थांबवली. माल पाण्यात वाढत होता, पण बाहेर पाठवता येईना. निर्यात पुन्हा सुरू व्हायला २०२० उजाडलं. तोवर घर कशावर चालवायचं?

आणि आपल्या किनाऱ्याचं सांगते. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. २००१ पासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. ते तोडणं, विकणं हा गुन्हा आहे आणि त्याला कैदेची शिक्षा आहे. कुणी "दोन तुकडे आणून द्या, चांगले पैसे देतो" म्हणालं, तर घरच्या माणसांनाही स्पष्ट सांगा, की या वाटेला जायचं नाही. शिवाय प्रवाळांच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात. प्रवाळ गेला तर उद्या जाळ्यात काय येणार?

तेव्हा मैत्रिणींनो, गटापुढे कुठलाही नवा धंदा आला की कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी बैठकीत तीन प्रश्न विचारा. हा माल वापरणारं गिऱ्हाईक कोण, की घेणारा प्रत्येक जण पुढे विकायलाच घेतोय? सगळ्यांनीच हा माल काढला तर भाव किती उरेल? आणि कायद्याची परवानगी आहे का, असली तर कागद कुठे आहे? तिन्ही उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवा. एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर गटाचे पैसे बँकेतच राहू द्या.